तेविसाव्या पोत्यातला देठ

तिने पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसला, तळातली चिमूटभर बडीशेप तळव्यावर चोळली आणि नाकाशी नेली.

"वहिनी, किती हुंगशील? बडीशेप आहे, नवरा नाही!" शेजारच्या चाळणीवरून नणंद म्हणाली. धुळीसाठी तोंडाला फडकी बांधलेल्या बायका फिदीफिदी हसल्या.

तीही हसली. वास आला नव्हता. महिन्यापूर्वीच्या तापात नाक गेलं ते गेलंच. तान्ह्या पोरांच्या पोटदुखीचं औषध बनवणारा हा कारखाना. यंत्रं ढीगभर, पण पोतं आत जायचं ते तिच्या नाकाच्या हुकमाने. नाक गेलं म्हणून सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी घरी. म्हणून ती महिनाभर नुसतीच हुंगत होती, मान डोलावत होती, पोत्यावर खडूने खूण करत होती.

तळव्यावर दाण्यांत देठाचा एक तुकडा होता. त्यावर जांभळे ठिपके.

बडीशेपेच्या देठाला ठिपके नसतात. ते असतात तिच्यासारख्याच दिसणाऱ्या एका विषारी झाडाला. त्याचा दाणा चोळला की उंदराच्या मुतासारखी घाण येते. तिने पुन्हा चोळलं. पुन्हा हुंगलं. काही नाही.

मूठ आवळून ती साहेबांच्या खोलीत गेली.

"हुंगा."

साहेबांनी हुंगलं. "एक नंबर! का हो, मावशी?"

तिने देठ टेबलावर ठेवला. "हे विष आहे. आणि साहेब, मला महिनाभर वासच येत नाही."

साहेबांनी उठून दार लोटलं.

"मला तरी कुठे येतो?" ते हळू आवाजात म्हणाले. "तुमची खूण बघून मी सही करतो. माझी सही बघून वरचे करतात. नाक कोण विचारतंय? जा, खूण करा."

"ह्याच शेतातली आधीची बावीस पोती..."

"ती आता पोती राहिली नाहीत, मावशी. बाटल्या भरून फाटकापाशी उभ्या गाडीत चढल्यात."

टेबलावरचा देठ पुन्हा मुठीत घेऊन ती बाहेर आली आणि नणंदेच्या तोंडावरचं फडकं ओढून तिच्या नाकाशी मूठ उघडली.

"शी! उंदीर मुतलाय का गं?" नणंद मागे सरली. मग तिला देठ दिसला. "कितवं पोतं हे?"

"तेविसावं."

"आधीची कुणी पास केली?"

चाळण्या एकेक करत थांबल्या.

"मी," ती म्हणाली. मग फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुन्हा म्हणाली, "मी!"