ओली जाळी

"हे काय आहे, नेल्दा?" माझी थोरली नणंद नूबिया हिने बोटाच्या टोकावर जाळी धरून ती खिडकीपाशी नेली. शर्टाच्या बटणाएवढी पोलादी जाळी, आणि तिच्यावर तांबूस ठिपके.

"गंज आहे," मी म्हटलं.

"गंज! आणि हे माझ्या भावाच्या छातीत जातं! चौतीस वर्षं इस्पितळात काय दिवे लावलेस गं?"

दिवे नाही लावले. शस्त्रक्रियेची हत्यारं धुतली, वाळवली, निर्जंतुक केली. चौतीस वर्षांत एकाही सर्जनने माझ्या हातची कात्री परत पाठवली नाही. पण नूबियाला सांगून काय उपयोग? ती बोलायला लागली की समोरच्याने फक्त मान हलवायची असते. तिच्या भावाने जन्मभर तेच केलं.

तो भाऊ, म्हणजे माझा नवरा मिल्तोन, शेजारीच खुर्चीत पाय लांब करून बसला होता. कंबरेच्या हाडात कर्करोग. फुप्फुसंही अधू, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दुखण्यावरचा गांजा जाळून ओढायचा नाही, वेपरायझरमध्ये तापवून नुसती वाफ घ्यायची. आमच्या देशात गांजा कायद्यानेच औषधाच्या दुकानात मिळतो, तिथे अंगठा उमटवून पुडी मी आणायची, आणि यंत्रातली जाळीही मीच साफ करायची. अर्धा तास स्पिरिटमध्ये बुडवायची, मऊ ब्रशने चिकटा काढायचा, कोमट पाण्याने धुवायची, सुती कापडावर टिपायची, आणि ओव्हनच्या उबेला पुरती कोरडी झाल्याशिवाय परत बसवायची नाही. ओला धातू कधी बंद करून ठेवू नये, हे मी इस्पितळात नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवत असे. त्यात आमचं घर किनाऱ्याला लागून. इथे दाराच्या कड्यासुद्धा वर्षभरात सडतात.

मग गंज आला कुठून? मला ठाऊक होतं, आणि मिल्तोनलाही.

महिन्यापूर्वी एका दुपारी मी बाजारातून परतले, तर मिल्तोन स्वयंपाकघरात काठीवर रेलून उभा. शेगडीवर छोटं पातेलं, त्यात सोडा घालून उकळत ठेवलेली त्याची माते, म्हणजे आमचा तो कडू पाल्याचा चहा, प्यायची धातूची नळी, आणि नळीशेजारी ती जाळी. अडतीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी कप विसळला नव्हता. फक्त ती नळी तेवढी तो स्वतः धुवायचा, तिला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्याला खपत नसे. नळीच्या टोकाला जाळी, यंत्रातही जाळी, मग धुवायची रीतही तीच, असं त्याने ठरवून टाकलं होतं. उकळली, झटकली आणि नळीबरोबर माते प्यायच्या ओल्या तुंब्यात ठेवून दिली.

"हे काय चाललंय?"

"तुझं एक काम कमी केलं, म्हातारे. तूही थकतेस."

मला भरून आलं. तिथेच मी चुकले. नव्या पोरीने असं केलं असतं तर तिला मी फाडून खाल्लं असतं. त्याला काही बोलले नाही. रोज त्याने धुवायची, आणि तो दुपारी कलंडला की मी गुपचूप काढून पुन्हा नीट करायची. मागच्या शनिवार-रविवारी मी तापाने पडले. दोन दिवस जाळी ओलीच यंत्रात बसली. सोमवारी नूबिया दारात हजर.

"तुला मी मिनासला घेऊन जाते," ती भावाला म्हणाली. "डोंगरातली कोरडी हवा आहे तिथे. इथे काय, खारा वारा आणि ही!"

"तो कुठेही जाणार नाही," मी म्हटलं. "विचार त्याला, तोच सांगेल."

मी मिल्तोनकडे पाहिलं. मला कौतुक नको होतं. त्याने एवढंच म्हणायला हवं होतं, "जाळी मी धुतली." तीन शब्द. आम्ही तिघंही हसलो असतो, नूबिया आठवडाभर राहून गेली असती, आणि त्याचे उरलेले दिवस माझ्या घरात गेले असते.

पण थोरल्या बहिणीसमोर कबूल करायचं, की मी शेगडीपाशी उभा राहून बायकोचं काम करतो? जिने त्याला लहानपणी पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही, तिच्यासमोर? त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे.

"नूबिया म्हणतेय तर... थोडे दिवस," तो म्हणाला.

थोडे दिवस! डॉक्टरीणबाईंनी किती दिवस सांगितले होते, ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मी त्याची बॅग भरली. स्पिरिटची बाटली, ब्रश, कापडाचे तुकडे घातले. नूबियाने ते सगळं बाहेर काढून ठेवलं. म्हणाली, "माझ्याकडे सगळं आहे."

दहा दिवसांनी तिचा फोन आला. आवाज उतरलेला. "वाफेला लोखंडाची चव येते म्हणतो. नीट घेतच नाही गं, दुखणं वाढलंय. मी जाळी चकाचक करून ठेवते, आणि बाजारातून येऊन बघते तर ओली. काही कळतच नाही. तू कशी करायचीस?"

मला हसू आलं आणि रडूही. मी तिला सगळं सांगितलं, स्पिरिटपासून ओव्हनच्या उबेपर्यंत. तिने लिहून घेतलं. मग मी म्हटलं, "फोन दे त्याला."

"म्हातारे," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"मिल्तोन, ती जाळी उकळू नकोस. तुंब्यात ठेवू नकोस. तूच धुतोस हे सांग तिला. अरे, हाल तुझेच होतायत."

नूबिया जवळच उभी असणार.

"बरं," तो मोठ्याने म्हणाला, खोलीभर ऐकू जाईल असा. "सांगतो तिला, ओली ठेवू नको म्हणून."

मी फोन ठेवला. ओट्यावर त्याची बशी होती, यंत्रातून काढलेली जाळी धुवायच्या आधी तो जिच्यात ठेवायचा ती. तिच्यावर बटणाएवढा तांबूस डाग पडला होता. लिंबाने निघतो, मला ठाऊक आहे. घरात एक लिंबू होतं. मी ते चहात पिळलं.