खुंटीवरचा कोट

शिलाईवाल्या ताईंचा जन्म मापं काढण्यात गेला, पण एका गोष्टीचं माप घ्यायचं त्यांच्याकडून राहून गेलं. त्याची बोच अजून जात नाही.

वरच्या खोलीतल्या मास्तरांनी अस्तर बदलायला कोट दिला होता. तो आठ दिवस ताईंच्या खुंटीवर लटकला. नवव्या दिवशी शिवण उसवली, तर आत ढेकूण! अंगाच्या खाजेचं मूळ सापडलं, असं ताईंना वाटलं.

मास्तरांच्या खोलीवर घरमालकाचा डोळा होताच. ताईंनी ढेकणांचं सांगताच तो कागद घेऊन आला. ढेकूण वरच्या भाडेकरूने आणले, असं त्यावर लिहिलं होतं.

"तुम्ही फक्त सही करा ताई, फवारणीचं मी बघतो."

गिऱ्हाइकांना कळलं तर कपडे कोण टाकणार? ताईंनी सही केली. मास्तरांना महिन्याभरात खोली सोडावी लागली. जिना उतरताना ते एवढंच म्हणाले, "कोट राहू दे. हातात धरायला तुला नको वाटेल."

ते गेल्यावर फवारणीवाला आला. त्याने खुंट्यांची फळी उखडली. मागची भिंत काळी पडलेली, फटींत ढेकूणच ढेकूण.

"हे जुनं बिऱ्हाड आहे ताई, तुमच्याही आधीचं. भिंतीतले ढेकूण मालकाने काढायचे असतात. तुम्ही भाडेकरूंनी मिळून लेखी तक्रार केली असती, तर झक मारत काढले असते त्याने."

ताईंना आठवलं. खाज तर कोट येण्याच्या महिनाभर आधीपासून होती. हे तेव्हा का सुचलं नाही?

त्यांनी कोट धुतला, नवं अस्तर लावलं आणि मास्तरांच्या लेकीचं घर गाठलं. मास्तरांचं अंथरूण दाराबाहेर, जिन्याखाली होतं.

"ढेकूण त्यांच्याकडे नव्हते गं," ताई लेकीला म्हणाल्या. "आमच्या भिंतीत होते. चूक माझी झाली."

लेकीने आतून कागदाची प्रत आणली. "मग ही सही कोणाची? घरात तान्हं बाळ आहे. उद्या आणखी कोणी येऊन तिसरंच सांगेल. मी कशावर विश्वास ठेवू?"

ताईंनी कोट मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी कोट घालून पाहिला, हात वर-खाली केले.

"अस्तर छान बसलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी तो काढला आणि कोणी काही सांगायच्या आत बाहेरच्याच खिळ्याला अडकवला.