डाव्या बाहीची वीण

पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्या तेव्हा त्यांची स्टेनो शेजारीच उभी होती. अंगातला स्वेटर काढून तिने त्यांच्या छातीवर दाबून धरला. दुसरी गोळी तिला लागली. ते जागीच गेले, ती तीन दिवसांनी. पुढाऱ्याचं स्मारक उभं राहिलं. तिच्या आईने लेकीचे कपडे मागितले, तर पोलीस म्हणाले, पुराव्यात आहेत.

अकरा वर्षांनी, जिथे गोळ्या झाडल्या त्याच इमारतीत संग्रहालय उघडलं. आई नणंदेला घेऊन बघायला गेली. दुसऱ्या दालनात काचेमागे तो करडा स्वेटर होता, रक्त वाळून काळं पडलेलं. खाली पाटी: ‘पत्नीने जखमेवर धरलेला स्वेटर’.

“हा माझ्या हातचा आहे,” आई म्हणाली.

“वहिनी, करड्या लोकरीचे स्वेटर काय कमी असतात?” नणंद म्हणाली.

आई तडक संग्रहालयाच्या प्रमुखाकडे गेली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “ओळखीची खूण सांगा.”

“लोकर संपली होती. डाव्या बाहीच्या काठाला आतून चार ओळी निळ्या आहेत. बाहेरून दिसू नये म्हणून काठ दुमडून शिवलाय.”

दालनात येऊन त्याने हातमोजे चढवले, काचेचं कपाट उघडलं, काठाचा टाका उसवला. चार ओळी निळ्याच निघाल्या. त्याने काठ पुन्हा दुमडून ठेवला.

“बरोबर आहे तुमचं.”

“मग पाटीवर तिचं नाव लिहाल ना?”

“समितीपुढे ठेवतो.”

घरी येताना आई बसमध्ये भरभरून बोलत होती. लेक गेल्यापासून नणंदेने तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

महिन्याभराने दोघी पुन्हा गेल्या. पाटी तीच होती. काचेमागे स्वेटर होता, पण नवा, मशीनवर विणलेला, त्यावर तपकिरी डाग पाडलेले. आईने प्रमुखाला गाठलं.

“बाई, पुढाऱ्यांच्या पत्नी हयात आहेत. दर वर्षी त्या या काचेपुढे फूल ठेवतात. त्यांना काय सांगणार होतो?”

“नका सांगू. माझा स्वेटर मला द्या.”

त्याने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. “तो तुमचाच, हे तुम्हीच सिद्ध केलंत. मग आमच्या नोंदीत त्याला जागा राहिली नाही. समितीने नष्ट करायला सांगितला. मागच्या सोमवारी जाळला.”

नणंदेने वहिनीचा दंड धरला. तिला वाटलं, ही आता कोसळणार. आई कोसळली नाही. चालत दुसऱ्या दालनात गेली आणि काचेपुढे उभी राहिली.

तेवढ्यात एक सहल आली. गाइडने पत्नीच्या धैर्याची गोष्ट सुरू केली. ती पाठ होती, आणि चांगली सांगत होता तो. एका बाईने डोळे टिपले आणि आईच्या खांद्याला हात लावला.

“जरा बाजूला होता का? आम्हाला दिसत नाहीये.”

आई बाजूला झाली.