दाराशी तीनशे, खोलीत अठरा

मी एक जुनी, निळी लॅन केबल आहे, आणि भयंकर रागावलेली आहे. मित्रांनो, गोड बोलणं आज माझ्याकडून व्हायचं नाही.

कारखान्यात तांब्याच्या आठ तारा पिळून मला बनवलं. वायरमनने मला दिवाणखान्यातल्या राऊटरपासून घरातल्या लेकीच्या, म्हणजे ताईच्या, खोलीपर्यंत भिंतीच्या कडेने नेलं. तेव्हा घरात इंटरनेटचा शंभर एमबीपीएसचा वेग यायचा आणि ताईच्या टेबलावरही जवळपास तेवढाच पोचायचा. वाटेत मी काही गिळलं नाही. "ही तार आहे म्हणून अभ्यास चाललाय गं," असं ती आईला सांगायची. मला बरं वाटायचं.

मग फायबर आलं. बाबांनी राऊटरला खेटून मोबाइलवर वेग मोजला. "तीनशे! आता कशाला हवीत ही तारांची लफडी?" मला उपटून त्यांनी गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधलं.

दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडून ताईच्या खोलीत वायफायचे जेमतेम अठरा पोचत, तेही रडतखडत. मोबाइलचं नेट सकाळी सुसाट आणि सगळी गल्ली जागी झाली की रांगणारं.

"बाबा, तार परत लावू या ना. माझ्याकडे सारखं तुटतंय."

"घरात तीनशेचं नेट आहे! उगाच कुरकुर नको."

नकाशे काढायचं शिक्षण घ्यायचं म्हणून ताईने वर्षभर रक्त आटवलं होतं. प्रवेश परीक्षा घरूनच, बंद खोलीत एकटीने द्यायची होती. नेट एकदा तुटलं, दुसऱ्यांदा तुटलं, तिसऱ्यांदा पेपरच बंद झाला.

"तूच काहीतरी भलतं दाबलं असशील," बाबा म्हणाले.

मला पाय नाहीत, तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्याच आठवड्यात या गृहस्थांनी पाचशेचा प्लॅन घेतला. राऊटर तिथेच, कपाट तिथेच, आणि मी ओल्या चादरींखाली!

काल ताई गॅलरीत मावशीशी फोनवर बोलत होती. "माझ्याच हातून काहीतरी चुकलं असेल गं. पुन्हा नाही बसणार मी परीक्षेला."

मित्रांनो, वेग राऊटरपाशी मोजू नका, माणूस बसतो तिथे मोजा. माझी दोन्ही टोकं अजून शाबूत आहेत, पण मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. तिला कुणीतरी सांगा रे, तुझं काहीच चुकलं नव्हतं.