आखूड पडलेली फुंकर

मित्रांनो, मी एक जुनी फुंकणी आहे. पण चुलीशी माझा कधी संबंध आला नाही. मी पाच फूट लांबीची, ॲल्युमिनियमची सरळ नळी आहे. माझ्यात औषध भरलेला बाण घालायचा आणि जोराने फुंकर मारायची. बाण समोरच्या जनावराच्या मांडीत बसतो, ते थोड्या वेळात गुंगते, आणि मग त्याचे रक्त तपासायला घेता येते. बंदुकीसारखा आवाज होत नाही, कळप बिथरत नाही.

मला डॉक्टर श्रीरंग गावंडे यांनी घडवले. ते मूळचे अकोल्याचे, जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीमुळे दिल्लीला आलेले. चावडी बाजारातल्या दुकानात त्यांनी एकेक नळी उजेडाकडे धरली, एका डोळ्याने आरपार पाहिली, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिली. माझ्याआधी चार नळ्या त्यांनी परत केल्या.

दुकानदार म्हणाला, "डॉक्टरसाब, पाइप ले रहे हो या बहू देख रहे हो?"

"बहू में इतना नहीं देखते," डॉक्टर म्हणाले आणि मला घेऊन निघाले.

बाण त्यांनी इंजेक्शनच्या सिरिंजपासून बनवले. बाण सरळ जावा म्हणून त्याच्या मागे लोकरीचा झुपका लागतो. घरात पानिपतचे एक फाटके लाल ब्लँकेट होते. डॉक्टरांची मुलगी रेवती तेव्हा शाळेत होती. ती त्याचे धागे उसवून झुपके बांधून देई. "पानिपतावरून आपल्या माणसांच्या हाती लागलेली ही पहिलीच कामाची वस्तू," असे तिची आई, वैजयंतीबाई, म्हणत.

माझी नोकरी दिल्लीबाहेर, मानेसरच्या कारखान्यांपलीकडे, अरवलीच्या उतारावर सुरू झाली. तिथे बारशिंग्यांचे एक प्रजनन केंद्र होते. कळपात चौदा जनावरे होती. पलीकडच्या रस्त्यावरून कंपन्यांच्या बसगाड्या जात आणि चौदाही माना एकदम वर होत.

संशय मी तिथेच शिकले. एकदा बाण लागला की बारशिंगा कोणत्याही सरळ काठीवर पुन्हा विश्वास ठेवत नाही. केंद्रातला जुना रखवालदार बळवंत झाडू घेऊन आत गेला तरी कळप पळत असे. पण हरणांपेक्षा डॉक्टर जास्त संशयी होते. ते चाऱ्याचा वास घेत, पाण्याच्या टाकीत वाकून पाहत. दाराशी औषधाच्या पाण्याचा उथळ हौद होता. त्यात बूट बुडवल्याशिवाय ते कोणालाच आत सोडत नसत. एकदा त्यांनी केंद्राचे संचालक दिलीपसाहेब यांनाही मागे फिरवून बूट बुडवायला लावले होते.

एवढी भीती कशाची, असे रेवतीने एकदा विचारले. डॉक्टर म्हणाले, "आपल्या कॉलनीत एकाच ठेकेदारानं कुलपं बसवली होती, आठवतं? वरच्या मजल्यावरच्यांची किल्ली आपल्या दाराला लागली होती. हा कळप तसाच आहे. सगळे एकाच नराचे आणि दोन माद्यांचे वंशज. एक आजार एकाच्या अंगात शिरू शकला, तर सगळ्यांच्या शिरेल."

उपाय एकच होता. बाहेरून वेगळ्या रक्ताचा नर आणायचा. आणि धोकाही तिथेच होता, कारण बाहेरून येणारा नर आजारही घेऊन येऊ शकतो.

तो नर एका दूरच्या प्राणिसंग्रहालयातून आला. अंगाने भरदार, शिंगे देखणी, सोबत निरोगी असल्याचा दाखला. बळवंतने त्याचे नाव 'जमाई', म्हणजे जावई, ठेवले. दिलीपसाहेबांनी त्याला कळपात सोडण्याची तारीखही ठरवली. डॉक्टरांनी दाखला दोनदा वाचला आणि नराला लांबच्या कुंपणात एकटे ठेवले.

"कागदावर सगळेच निरोगी असतात," ते म्हणाले.

वंश कळावा म्हणून त्यांनी त्याचे केस तपासायला पाठवले. रक्त वेगळ्या घराण्याचे निघाले. मग क्षयासाठी रक्त तपासले. काही नव्हते. दोन महिन्यांनी पुन्हा तपासले. तेव्हाही काही नव्हते.

"गावंडे, कोविडमध्ये माणसांना चौदा दिवस ठेवत होतो," दिलीपसाहेब म्हणाले. "याला जन्मठेप दिलीय का?"

"साहेब, आणखी एकदा बघतो."

तिसऱ्या वेळी डॉक्टर नेहमीसारखे पंधरा पावलांवर उभे राहिले. त्यांनी फुंकर मारली. बाण नरापर्यंत पोहोचलाच नाही. तो चार पावले अलीकडे गवतात पडला.

डॉक्टरांनी आधी वाऱ्यावर संशय घेतला. मग झुपका बदलला. मग बाण बदलला. शेवटी त्यांनी मला उजेडाकडे धरून आत पाहिले, आणि कुठे वाकले आहे का ते कळावे म्हणून फरशीवर लोळवले. अकरा वर्षे त्यांच्या सोबत होते मी. कधी चुकले नव्हते.

"नळी जुनी झाली," दिलीपसाहेब म्हणाले. "गॅसवर चालणारी गन मागवतो."

मित्रांनो, मी वाकले नव्हते. अकरा वर्षे त्यांचा श्वास माझ्यातून गेला होता. तो मला जितका ठाऊक होता तितका कोणालाच नव्हता. गेले काही महिने तो आखूड झाला होता. सुरुवातीला जोर असे, मग मध्येच काहीतरी अडे. संशय मलाही आला होता. पण मला दुसऱ्याच्या फुंकरीशिवाय आवाज नाही.

पुढचा बाण त्यांनी चार पावले पुढे जाऊन मारला. नर पुन्हा निरोगीच निघाला. आता कळपाकडचे दार उघडायचे होते. तेव्हा बळवंत विडी विझवत म्हणाला, "साब, जमाई की तीन बार हो गई. घरवालों की कब होगी?"

डॉक्टर हसले. "घरवाले तो अपने हैं."

"इसीलिए पूछा."

कळपातली चंद्रप्रभा नावाची म्हातारी मादी निम्म्या कळपाची आई होती. मी येण्याच्याही आधी, तिची आई मेल्यावर, डॉक्टरांनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. फक्त तीच मला घाबरत नसे. अलीकडे ती थोडी वाळली होती. वय झाले, असे सगळे म्हणत. डॉक्टरांनी पहिला बाण तिला मारला, मग एकेक करून बाकीच्यांना.

क्षय तिच्यात होता. किती वर्षे होता कोणास ठाऊक. आणखी तिघांत तो पोहोचला होता. ज्या नराला बाहेरचा म्हणून पाच महिने एकटे ठेवले, त्यालाच आता घरच्यांपासून वाचवायचे होते. दार उघडले नाही. उरलेल्या दहा जणांना नव्या जागी नेले आणि पुन्हा पुन्हा तपासले. चौघांना वाचवता आले नाही; त्यांना कायमचे झोपवावे लागले.

चंद्रप्रभेसाठी माझ्यातून शेवटची फुंकर गेली. अंतर तीन पावलांचे होते. ती स्वतःच जवळ आली होती. नंतर डॉक्टर मला कुंपणाला टेकवून, छातीवर हात ठेवून खाली बसले.

"साब, अपनी भी जाँच करा लो," बळवंत म्हणाला.

"धूल है," डॉक्टर म्हणाले.

घरीही त्यांनी तेच सांगितले. "अहो, निदान एक्सरे तरी काढा," वैजयंतीबाई म्हणाल्या, तेव्हा दिल्लीच्या हवेचा दोष निघाला. चाऱ्यावर, पाण्यावर, कागदांवर, माझ्यावर संशय घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या छातीवर मात्र पूर्ण विश्वास ठेवला. आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. तो हरणांकडून आला नव्हता. रेवतीने दवाखान्यात तेही विचारून घेतले. तो आतच वाढला होता.

नवी गन आली तेव्हा डॉक्टर राहिले नव्हते. मी साठवणीच्या खोलीत खिळ्याला लटकले. दोन पावसाळे गेले.

या हिवाळ्यात रेवती मला न्यायला आली. दाराशी कोणी सांगायच्या आधीच तिने बूट हौदात बुडवले. बळवंतने तिला नव्या कुंपणापाशी नेले. ठिपक्यांचे एक पाडस आईच्या पोटाखाली उभे होते.

"जमाई का है," बळवंत म्हणाला. "साब होते तो इसके भी जूते धुलवाते."

रेवती हसली.

नंतर तिने मला खिळ्यावरून काढून उजेडाकडे धरले, एका डोळ्याने पाहिले, मग दुसऱ्याने. प्रत्येक फुंकरीनंतर डॉक्टर दोरीला बांधलेला फडका माझ्यातून ओढून श्वासाचा ओलावा पुसत. त्या शेवटच्या दिवशी ते विसरले. तोंडापासून वीतभर आत तो ओलावा वाळला आहे आणि तिथे पांढरट डाग पडला आहे. रेवतीने पिशवीतून तोच फडका काढला. थोडा वेळ हातात धरला. मग घडी करून परत ठेवला.

मित्रांनो, अनोळखी पाहुण्याची तपासणी जरूर करा. पण जो आपला आहे, ज्याच्यावर संशय घ्यायला तुमचा जीव धजत नाही, त्याची आधी करा. आणि रोज तुमच्यासाठी फुंकर घालणाऱ्या माणसाचा बाण आखूड पडू लागला, तर नळी बदलू नका; त्याचा श्वास ऐका. वापरलेली वस्तू पुसून ठेवावी, हेही खरेच. माझ्या आतला एक डाग तेवढा राहू द्या.