हा सराव आहे

चार दिवस मोठ्या सिस्टरबाईंनी अख्ख्या रुग्णालयाच्या नाकी नऊ आणले होते. आग लागली, अपघाताचे जखमी आले, तर कोणी काय करायचं हे शिकवायचं काम त्यांचं. नियम कडक. सरावात वॉकीटॉकीवर आधी "हा सराव आहे" म्हणायचं; न म्हणणारा कोणीही असो, त्याला उत्तर द्यायचं नाही. "मीसुद्धा फसवून बघेन हं!" बाईंनी बजावलं होतं.

"आणि खरंच काही घडलं तर?" कंट्रोल रूममधल्या पोरीनं काल विचारलं.

"तासाभराच्या सरावात काय आभाळ कोसळतंय? शहाणपणा शिकवू नकोस!" बाईंनी सगळ्यांसमोर अशी झाडली, की बिचारी रडतच घरी गेली.

आज सराव सुरू झाला आणि बाईच लिफ्टमध्ये अडकल्या. अकराला लिफ्ट बंद करायची, हे त्यांनीच लिहून दिलेलं. घड्याळ बघायचं तेवढं राहिलं. दिवा गेला, घंटाही मुकी. सोबत चाकाच्या खुर्चीत दम्याचे आजोबा, खरेखुरे पेशंट, एक्स-रे काढून वॉर्डात निघालेले. बॅटरीच्या उजेडात बाईंनी पाहिलं, खुर्चीला लावलेल्या ऑक्सिजन सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता.

"हा सराव आहे. लिफ्टमध्ये अडकलोय, ऑक्सिजन संपतोय!" जिभेला सवयच ती.

"निरोप नोंदवला, सिस्टर. छान." कंट्रोल रूममधून पोरीचा आवाज आला.

"छान काय डोंबल! अगं, खरंच अडकलोय!"

नुसती खरखर. बाईंनी दारावर बुक्क्या मारल्या. बाहेर तर सरावाचाच आरडाओरडा चाललेला, कोण लक्ष देतोय? "नोकरी घालवीन तुझी!" त्या ओरडल्या. त्यावरही खरखरच. धमक्या तर बाई रोजच द्यायच्या.

आजोबांचे ओठ निळसर पडले होते. त्यांनी बाईंचं मनगट घट्ट धरलं. देवा, हा माणूस माझ्या हट्टापायी जाणार!

त्यांनी बटण दाबलं. "पोरी, काल तू बरोबर विचारलं होतंस. माझंच चुकलं. मला माफ कर गं."

खरखर थांबली.

"अगंबाई! लिफ्टवालेकाका, पळा! सिस्टर माफी मागतायत, खरंच अडकल्यात!"

दार उघडलं तेव्हा काटा शून्याला टेकला होता. पोरगी नवा सिलिंडर ओढत धापा टाकत आली. नळी जोडली. आजोबांच्या छातीचा भाता पुन्हा नीट हलू लागला, तरी मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

"सिस्टर," पोरीनं हळूच विचारलं, "खरंच काही घडलं तर काय म्हणायचं, ते आता ठरवायचं का?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. दुसऱ्या हातातला वॉकीटॉकी त्यांनी पोरीपुढे केला.