हवालदार आजोबांची व्हीलचेअर

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. माझ्या पाठीचं कापड दोनदा बदललं आहे आणि डाव्या चाकाचा ब्रेक मनात आलं तरच लागतो. एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी वृद्धाश्रमात आले. नवीकोरी होते, तेव्हा माझा तोरा काय विचारता! पुढे माझ्या हलक्याफुलक्या धाकट्या बहिणी आल्या आणि माझी रवानगी बादल्या ठेवायच्या खोलीत झाली.

मला तिथून बाहेर काढलं ते हवालदार आजोबांनी. सैन्यातून निवृत्त झालेले, अंगाने भक्कम आणि जिभेने तिखट. "त्या नव्या खुर्च्या डुगडुगतात. मला ती जुनी आणा," असं त्यांनी बजावलं. मला ढकलण्याचं काम परदेशातून आलेल्या एका तरुण नर्सकडे आलं. ती कामाला वाघ होती, पण स्वतःविषयी चकार शब्द काढत नसे. आजोबा तिला 'मुकी मैना' म्हणत. ती नुसती हसे आणि त्यांची शाल सारखी करी.

आमच्या देशात एक दिवस लढाईत गेलेल्या जवानांच्या आठवणीचा असतो. त्या दिवशी दुकानं बंद ठेवून सगळे चौकातल्या स्मारकापाशी जमतात. पाय गेल्यापासून आजोबा मात्र तिकडे फिरकले नव्हते. "सलाम उभ्यानं करायचा असतो," असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसत.

त्या वर्षी नर्सनं विचारलं, "आजोबा, आज रस्ता इतका शांत का?" आजोबांनी कारण सांगितलं. ती थोडा वेळ पडद्याच्या दोरीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मला न्याल तिकडे?"

"मी तुला नेऊ? आणि मला कोण ढकलणार?"

"ढकलते मी. वाट तुम्ही दाखवा."

आजोबांचा नाइलाज झाला. कुरकुरत का होईना, त्यांनी कोटाला पदकं लावून घेतली आणि स्मारकावर ठेवायला एक फूल मांडीवर घेतलं.

स्मारकापुढे उतार होता. बिगूल वाजला, सगळे स्तब्ध झाले आणि नेमका तेव्हाच माझा ब्रेक सुटला. मी घसरणार, तोच नर्सनं चाकाला पाऊल आडवं लावलं आणि माझ्या मुठी घट्ट आवळल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात अडकलेले. पुसणार कसं? ते थेंब आजोबांच्या मानेवर पडत राहिले.

लोक हलू लागल्यावर आजोबांनी मागे न पाहता विचारलं, "कोण गेलं तुझं?"

"दादा. सरहद्दीवर गेला. आमच्याकडेही असा दिवस असतो. यंदा त्या दिवशी मी इथे ड्यूटीवर होते."

आजोबांनी मांडीवरचं फूल तिच्यापुढे धरलं. "जा, ठेव."

"पण तो इथला नव्हता, आजोबा. लोक काय म्हणतील?"

"कुणी विचारलं तर सांग, हवालदारांनी पाठवलंय. जा तू, चाकं मी धरतो."

ती गेली. आजोबांनी माझी दोन्ही चाकं पकडली. हातांच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. तिनं फूल ठेवलं, तेव्हा त्यांनी एक हात सोडून बसल्या बसल्या सलाम केला. मी तसूभर सरकले, पण श्वास रोखून तशीच थांबले.

परतताना मुकी मैना बोलू लागली. दादाला शिट्टी वाजवता येत नसे, नुसती हवा सुटे. तरी तो रोज तिला शिकवायला बसे. "गुरुजी मोठे हुशार," आजोबा म्हणाले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

पुढे काही वर्षं आम्ही तिघं जात राहिलो. मग आजोबा गेले. तो दिवस आला, तसं नर्सनं मला बाहेर काढलं.

"रिकामी खुर्ची कशाला नेतेस?" स्वयंपाकीणबाईंनी विचारलं.

"हिच्याशिवाय चालायची सवय नाही मला," ती म्हणाली.

चौकात एक म्हातारी बाई खांबाला टेकून उभी होती. नर्स म्हणाली, "बसा ना आजी." ती हळूच माझ्यात बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "माझा धाकटा होता."

"कसा होता, सांगा ना," असं म्हणत नर्स तिच्यापुढे उकिडवी बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंच्या सांध्यांत अधूनमधून तेलाचा थेंब सोडत जा. आणि दूर देशाहून आलेलं कुणी तुमच्या दारी गप्प उभं दिसलं, तर त्याच्या घरच्यांची चौकशी करा. उत्तर लांबलं, तर बसायला खुर्ची द्या.